एकाच नेटवर अख्खं घर कसं चालतं? दुसरं कनेक्शन घ्यावं का हेच वाटून घ्यावं?

अभ्या_औसा
राम राम मंडळी. घरी फायबर घेतलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. राऊटर पुढं ढाळजंत बसवलाय कारण वायर तिथूनच आत येती. वाडा जुना, माळवदाचा, भिंती दोन-अडीच फुटाच्या दगडी, मधे चौक, अन् मागं आरसीसीच्या दोन खोल्या नवीन काढल्यात तिथं भाऊ-वहिनी राहतात आणि बारकी बहीण नीटचा अभ्यास करती. आता ढाळजंत बापू आरामात सोयाबीनच्या भावाचे व्हिडिओ बघूलालेत अन् मागं बहिणीचं लेक्चर नुसतं गोल गोल फिरूलालंय. भाऊ म्हणतो मागं दुसरं कनेक्शन घेऊ, बापू म्हणतात एका घरात दोन बिलं कशाला.
माझे प्रश्न असे की एकाच लाईनवर दहा-बारा फोन चालतात तर कुणाचा व्हिडिओ कुणाकडं जायचा हे त्या डब्ब्याला कळतं कसं? आणि जेवढे जास्त जण तेवढा स्पीड भागिला जातो हे खरं का? तिसरं म्हणजे बोळाच्या पलीकडं चुलत्याचं घर हाय, त्यांना पण पाहिजे म्हणूलालेत. जाणकारांनी सांगा, पण समजल असं सांगा.

रेणापूर_एक्स्प्रेस
बापूंना मागच्या खोलीत बसवा, बहिणीला ढाळजंत. शून्य खर्च.

अभ्या_औसा
@रेणापूर हे बापूंना तुम्ही येऊन सांगा, चहा मी पाजतो.

वायरवाले_अण्णा
अभ्या, मी उदगीरला हीच कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.
कंपनी तुम्हाला बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देते, म्हणजे आयपी. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला पत्ता देतो तो तुमचा राऊटर, हे काम करणाऱ्या भागाला डीएचसीपी म्हणतात. हे पत्ते बहुतेक १९२.१६८ नी सुरू होतात. तुमच्याकडं पण तेच, माझ्याकडं पण तेच, बाहेर त्याला काही किंमत नाही, ते घरातल्या घरात वापरायलाच राखून ठेवलेत.
आता कुणाचं कुणाला कसं कळतं. लातूरला ट्यूशन एरियात होस्टेलची पोरं मेसचा डबा मागवतात असं धरा. मेसवाल्याला फक्त बिल्डिंगचा पत्ता माहीत. पोरगं ऑर्डर देतं तेव्हा गेटवरचा वॉचमन त्यावर स्वतःचा एक टोकन नंबर टाकून पुढं पाठवतो आणि वहीत लिहून ठेवतो, टोकन ४०१२३ म्हणजे खोली नंबर ७. डबा त्याच टोकनवर परत आला की वही बघायची अन् ७ नंबरला पोचवायचा. वहीत नोंदच नसलेल्या टोकनचा डबा आला तर गेटवरूनच माघारी. राऊटर हेच करतो. त्या टोकनला पोर्ट नंबर म्हणतात, ६५,५३५ पर्यंत असतात, आणि ह्या सगळ्या अदलाबदलीचं नाव नॅट. बहिणीच्या फोननी लेक्चर मागितलं, राऊटरनी त्या माहितीच्या पाकिटावरचा घरातला पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता आणि एक पोर्ट नंबर टाकला, तक्त्यात नोंद केली, उत्तर आलं की उलटं करून बहिणीच्या फोनला दिलं. सेकंदाला हजारो वेळा चालतं हे. वापर थांबला की थोड्या वेळानी ती नोंद आपोआप पुसली जाते.
स्पीडचं सांगतो नंतर, एका गिऱ्हाईकाकडं निघालोय.

सौ_माजलगाव
अण्णा, एवढं सोपं करून आमच्या केबलवाल्या पोरानी कधीच सांगितलं नाही. तो फक्त "ताई, बंद करून चालू करा" म्हणतो.

कट्टर_परभणी
नॅटचं ठीक आहे, पण स्पीड भागिला जातोच की. आमच्या घरात पाहुणे आले की नेटची वाट लागते, हा स्वतःचा अनुभव आहे, पुस्तकातलं सांगू नका. १०० चा प्लॅन अन् १० माणसं म्हणजे प्रत्येकी १०, साधं गणित.

गोदाकाठ
@कट्टर, भागायला सगळे एकाच वेळी ओढायला पाहिजेत ना. पाहुण्याचा फोन खिशात असला तर तो जवळपास काहीच घेत नाही, व्हॉट्सअॅपचा मेसेज आला तर चिमूटभर.
बाकी ह्या धाग्यावरून जुनी आठवण निघाली. नांदेडला सायबर कॅफेत बसायचो तेव्हा राऊटर नावाची वस्तू कुणी बघितलेली नव्हती. काउंटरवरच्या पीसीला ५६ के चं मोडेम, टेलिफोनच्या लाईनवर टुंईंऽऽ करत जोडलं जायचं, आणि बाकीचे पीसी त्याच काउंटरवाल्यातून नेट घ्यायचे. विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती १९९९ ला आली त्यात इंटरनेट कनेक्शन शेअरिंग म्हणून सोयच दिली होती. शेअर करणारा पीसी १९२.१६८.०.१ व्हायचा आणि बाकीच्यांना स्वतःच पत्ते वाटायचा. म्हणजे आज अण्णांनी जे सांगितलं तेच, फक्त डब्ब्याच्या ऐवजी अख्खा पीसी. काउंटरवाला गेम खेळायला बसला अन् पीसी हँग झाला की मागचे सगळे ओरडायचे. त्यात पुन्हा बाहेरून फोन आला की लाईन तुटायची ती वेगळीच.

हुरडा_पार्टी
आम्ही तर चॅटिंगला जायचो, कनेक्शन कुठून येतंय हे विचारायला वेळ कुणाला होता :)

कट्टर_परभणी
मग पाहुणे आल्यावर स्लो का होतं हे सांगा.

वायरवाले_अण्णा
आलो परत. कट्टरभाऊ, तुमचा अनुभव खरा आहे, कारण दुसरं आहे.
आधी लाईनचं. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे १०० च्या लाईनवर चार टीव्ही एकदम लावले तरी लाईन निम्मी पण भरत नाही. राऊटर सगळ्यांना सारखे तुकडे कापून देत नाही, ज्याला लागतं तो घेतो, खरंच भरली तर ओढाओढी होते. त्यात पण माणसागणिक वाटणी होत नाही, एखादा एकदम पन्नास कनेक्शन उघडून डाउनलोड लावतो त्याला जास्त मिळतं.
आता वाय-फाय. हवेत एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं. जवळचा फोन फटकन बोलून मोकळा होतो. लांब, भिंतीआड बसलेल्या फोनला सिग्नल कमी, म्हणून तो हळू वेगात बोलतो आणि तेवढीच माहिती न्यायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतो. तुमचा पाहुणा मागच्या खोलीत गादीवर पडून रील बघायला लागला की त्याच्या हळू बोलण्याची शिक्षा पुढच्या खोलीतल्याला. लाईन तशीच मोकळी आहे, कोंडी हवेत झालीय.
राऊटरला लॅपटॉप वायरनी जोडून स्पीड टेस्ट करा, पाहुणे असतानाच करा. मग बोलू.

पैठणची_पैठणी
अजून एक कारण राहिलं अण्णा. अपलोड. आमच्याकडं संभाजीनगरला संध्याकाळी मीटिंगमधे आवाज तुटायचा, डाउनलोडचा स्पीड तर भरपूर दिसायचा. सासऱ्यांच्या फोनमधे लग्नाचे सगळे व्हिडिओ गूगल फोटोजला चढायला लागलेले, अपलोड गच्च, आणि राऊटरमधे बाहेर जाणाऱ्या पाकिटांची रांग लागलेली, माझा आवाज त्या रांगेच्या शेपटाला. राऊटरमधे क्यूओएस नावाची, कुणाला किती अन् आधी सोडायचं ते ठरवायची सेटिंग असते, त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर टाकली की रांग तुंबत नाही. सगळ्या राऊटरात नसते. नसेल तर सासऱ्यांना रात्री चार्जिंगला लावून बॅकअप घ्यायला सांगा, आम्ही तेच केलं.

रेणापूर_एक्स्प्रेस
सासऱ्यांना चार्जिंगला लावलं??

पैठणची_पैठणी
फोनला हो!! लोक पण ना.

सौ_माजलगाव
मूळ प्रश्नाकडं. आमच्याकडं पण मागच्या खोलीत येत नव्हतं, ते प्लगात लावायचं रिपीटर आणलं. काड्या फुल दिसायला लागल्या पण व्हिडिओ तसाच अडकायचा. काड्या फुल अन् नेट नाही हे काय गौडबंगाल आहे?

वायरवाले_अण्णा
ताई, काड्या म्हणजे फोन ते रिपीटर हे अंतर. रिपीटर ते मूळ राऊटर ह्याचं काय ते फोनला दिसतच नाही. तुम्ही रिपीटर त्याच मागच्या खोलीत लावला असणार जिथं सिग्नल आधीच मेलेला. त्यात स्वस्तातलं रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतं आणि त्याच रेडिओवर पुढं बोलतं, म्हणजे आलेला स्पीड पण निम्मा होतो. निदान अर्ध्या वाटेवर तरी लावा.

देवगिरी_किल्लेदार
रिपीटर-बिपीटर जुनं झालं. मेश घ्या, म्हणजे घरभर मिळून एकच वाय-फाय पसरवणारे डबे, तीन नगाचा सेट, विषय संपला. मी घेतलाय, गच्चीवर पण फुल.

वायरवाले_अण्णा
किल्लेदार, तुमचं घर विटांचं असेल. अडीच फूट दगड-मातीच्या भिंतीपुढं मेश पण तेच रडतो, एकमेकांशी हवेतूनच बोलतात ना ते. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तर असल्या भिंतीत शिरल्यावर फारसं उरतच नाही, २.४ थोडंफार जातं पण त्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांची गर्दी. मेशचे नग आपसात वायरनी जोडले तर माझी हरकत नाही, पण वायर टाकायचीच तर साधा दुसरा राऊटर पण चालतो, हजार-दीड हजारात.

देवगिरी_किल्लेदार
वायर दिसायला घाण दिसते.

गोदाकाठ
माळवदाच्या वाड्यात वायर कुठं दिसती हो, तुळईच्या वरून काढली की चिमण्यांनाच माहीत.

अभ्या_औसा
मंडळी एक नवीन माहिती. भावानी न विचारता काल एक पोरगं बोलवून मागं दुसरा राऊटर बसवून घेतला, पुढच्यापासून वायर ओढून. लेक्चर चालूलालंय मस्त. पण दोन भानगडी. बापूंच्या फोनवरनं मागच्या टीव्हीवर यूट्यूब टाकता येईना, टीव्हीच दिसत नाही म्हणतंय. अन् पुढचा प्रिंटर मागच्या लॅपटॉपला सापडंना. एकाच नेटवर असून एकमेकाला ओळख दाखवंनात, हे कसं काय?

वायरवाले_अण्णा
मागच्या राऊटरला वायर कुठल्या भोकात लावलीय बघ. निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या, वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या भोकात असणार.

अभ्या_औसा
हो, निळंच. वॅन लिहिलंय.

वायरवाले_अण्णा
तेच. आता तुमच्या घरात दोन नॅट झालेत, एकाच्या आत एक. मागचा राऊटर स्वतःचं वेगळं घर मांडून बसला, स्वतःचे पत्ते वाटतोय, आणि पुढच्यासाठी तो फक्त एक साधा फोन आहे. आतून बाहेर जायला अडचण नाही म्हणून यूट्यूब चालतं, पण पुढच्या घरातून मागच्या टीव्हीला शोधायची हाळी मागच्या राऊटरच्या दारावरच थांबते.
करायचं असं. आधी वायर काढून मागच्या राऊटरला लॅपटॉप जोडा, सेटिंग उघडा. त्याचा स्वतःचा लॅन, म्हणजे घरातल्या बाजूचा, आयपी बदला, पुढचा १९२.१६८.१.१ असेल तर मागच्याला १९२.१६८.१.२ द्या, आणि पुढच्यानी तो नंबर दुसऱ्या कुणाला वाटू नये म्हणून त्याच्या यादीच्या बाहेर ठेवा. मग मागच्याचं डीएचसीपी बंद करा. शेवटी पुढून आलेली वायर वॅनमधून काढून पिवळ्या लॅनच्या भोकात घाला. आता तो राऊटर राहिला नाही, ॲक्सेस पॉइंट झाला, सगळ्यांना पत्ते पुढचाच देणार. बऱ्याच नव्या राऊटरात ॲक्सेस पॉइंट मोड म्हणून थेट पर्याय असतो, तो असला तर हे काहीच करायची गरज नाही.
फक्त डीएचसीपी बंद करायच्या आधी लॅनमधे वायर घालू नका. घरात दोघं पत्ते वाटायला लागले की निम्मे फोन चालतात, निम्म्यांवर "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही". ह्या एका गोष्टीपायी मला किती फोन येतात म्हणून सांगू.

हिंगोली_हळद
वायर आत टाकली ते ठीक. पण बोळाच्या पलीकडं चुलत्याकडं तांब्याची लॅन केबल हवेतून नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा कशा कडाडतात माहीत आहे. वीज केबलवरच पडायला पाहिजे असं नाही, जवळपास पडली तरी लांब तारेत झटका तयार होतो. आमच्याकडं गोठ्यातल्या कॅमेऱ्याला अशीच केबल होती, समोरच्या लिंबावर वीज पडली आणि राऊटरची सगळी लॅनची भोकं गेली, वाय-फाय तेवढं जिवंत. दोन घरांची अर्थिंग वेगवेगळी असती तो पण घोळ.
न्यायचंच तर फायबर न्या, काचेतून वीज जात नाही. दोन्ही टोकाला मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचं लॅन करून देणारा डब्बा. आणि ड्रॉप केबलला, म्हणजे घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या वायरीला, आधाराची स्टीलची तार असती ती बाहेरच्या बाहेर बांधून तोडायची, घरात आणायची नाही.

कट्टर_परभणी
विजेपेक्षा वानरं जास्त. आमच्या गल्लीत फायबर म्हणजे त्यांचा झोका.

हुरडा_पार्टी
वानरं परवडली, उंदीर नको. वानर निदान दिसतं.

गोदाकाठ
कॅमेऱ्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. शेतातल्या आखाड्यावर कॅमेरा लावलाय, तिथल्या नेटवर रेकॉर्डर जोडलाय. नांदेडहून थेट बघायचं म्हणून राऊटरमधे पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेलं थेट रेकॉर्डरला द्यायची कायमची नोंद, सगळं बरोबर, तरी बाहेरून उघडत नाही.

पैठणची_पैठणी
राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानी सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या नॅटच्या आत आहात, त्याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात सगळे मिळून ४३० कोटीच्या आसपास, वाटप करणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडचे शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ लाच संपले. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एक पत्ता देतात. तुमच्या राऊटरमधे कितीही फॉरवर्ड करा, वरच्या नॅटमधे तुमच्या नावाची नोंदच नाही.
उपाय म्हणजे पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा आयपी घ्यायचा, नाहीतर कंपनी नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ देत असेल तर ते वापरायचं. त्यात प्रत्येक वस्तूला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, नॅटची गरजच नाही, फक्त फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा पहारा, नीट ठेवायला लागतो. हे काहीच नको असेल तर कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप. ते का चालतं? कॅमेरा स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळं नोंद आपोआप होते.

वायरवाले_अण्णा
बरोब्बर. ताईंनी माझं दुकान बंद करायचं ठरवलंय.

सौ_माजलगाव
माझा अडाणी प्रश्न. मग मोबाईलचा हॉटस्पॉट म्हणजे काय वेगळं?

वायरवाले_अण्णा
अडाणी नाही ताई, तेच आहे. फोनच छोटा राऊटर होतो, पत्ते वाटतो, नॅट करतो. फक्त लाईनीच्या जागी टॉवर. बॅटरी खातो अन् तापतो, म्हणून रोजच्या वापराला नको.

देवगिरी_किल्लेदार
शेजाऱ्यांना किंवा चुलत्यांना पासवर्ड देण्यावर कुणीच बोललं नाही. बाहेरच्या जगाला तुमच्या घरातून गेलेलं सगळं एकाच पत्त्यावरून गेलेलं दिसतं, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर कनेक्शन त्याचा. उद्या कुणाच्या पोरानी भलतंसलतं केलं तर चौकशीला बापूच. आणि महिन्याला शंभर-दोनशे घेऊन गल्लीला नेट वाटणं तर परवान्याशिवाय चालत नाही.

गोदाकाठ
पीएम-वाणी आहे की, सरकारची सार्वजनिक वाय-फायची योजना. डिसेंबर २०२० ला मंजूर झाली, दुकानदाराला परवाना न घेता वाय-फाय विकता येतं.

देवगिरी_किल्लेदार
ते आहे, पण त्याची रीत वेगळी. ठरलेल्या ॲग्रिगेटर म्हणजे मधल्या कंपनीमार्फत, प्रत्येक गिऱ्हाईकाची ओळख पटवून. घरच्या प्लॅनचा पासवर्ड कागदावर लिहून देणं म्हणजे पीएम-वाणी नाही भाऊ.

सौ_माजलगाव
पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा. आमच्या जावेची मुलं आली की पासवर्ड मागतात, त्याच नेटवर आमचा कॅमेरा आणि प्रिंटर, कुणी त्यात बोटं घालायला नको. गेस्टला नेट मिळतं, घरातल्या वस्तू दिसत नाहीत. सुट्टी संपली की बंद. नाही म्हणायची वेळ पण येत नाही.

अभ्या_औसा
अण्णा, तुम्ही सांगितलं तसं केलं. टीव्ही दिसूलालाय, प्रिंटर पण सापडला. बापू आता पुढं बसून मागच्या टीव्हीवर कीर्तन लावतात, वहिनीची मालिका मधेच बंद होती, म्हणजे नवीन भांडण सुरू. पण मागं वायरनी स्पीड १० च्या वर जाईना, राऊटर दोन्ही चांगले, प्लॅन तर १०० चा.

वायरवाले_अण्णा
मग टोकाची क्लिप म्हणजे आरजे-४५ बघ. पितळी दात वर, क्लिपची जीभ खाली ठेवून डावीकडून रंग असे पाहिजेत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकाला हाच क्रम. पोरं काय करतात, दोन हिरव्या शेजारी-शेजारी घालतात, दिसायला छान दिसतं. पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची लागते, पिळ चुकला की लांब वायरीत एका जोडीचा सिग्नल दुसरीत मिसळतो आणि वेग पडतो. १०० ला चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. पुढं मागं प्लॅन वाढवला अन् गिगाबिट पाहिजे झालं तर आठही लागतात.

अभ्या_औसा
अगदी तेच निघालं! दोन हिरव्या शेजारी. औशातल्या एका इलेक्ट्रिशियनकडनं क्लिपा नवीन मारून घेतल्या, आता मागं वायरवर ९४ येऊलालंय.

वायरवाले_अण्णा
९४ म्हणजे १०० च्या भोकातून जेवढं येतं तेवढं सगळं आलं. आता मागच्या राऊटरला पण छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, नाहीतर लाईट गेली की पुढं नेट चालू अन् मागं अंधार.

कट्टर_परभणी
अण्णा, पाहुणे असताना वायरनी टेस्ट केली. ९१. त्याच वेळी मागच्या खोलीत वाय-फायवर ६. पाहुण्यांची माफी मागायची का?

रेणापूर_एक्स्प्रेस
माफी नको, वायर टाका.

अभ्या_औसा
राहिलं चुलत्याचं. त्यांच्याकडं फायबर न्यावं का त्यांनी वेगळं घ्यावं?

वायरवाले_अण्णा
वेगळं. तुमच्या वाड्याच्या आत एकच कनेक्शन भरपूर झालं, दुसऱ्याची गरज नाही. पण बोळ ओलांडायचा तर दोन मीडिया कन्व्हर्टर, ड्रॉप केबल, मजुरी, वर वानरं, आणि नेट गेलं की दोन घरांची बोलणी तुम्हालाच. त्यापेक्षा त्यांनी सगळ्यात लहान प्लॅन घ्यावा, त्यांच्या नावावर.

अभ्या_औसा
विचारलं. चुलते म्हणले घेतो, पण नाव अन् पासवर्ड तुमचाच ठेवा, नवीन पाठ व्हायचा नाही.

वायरवाले_अण्णा
पासवर्ड खुशाल तोच ठेवा, नाव मात्र वेगळं ठेवा. दोन वेगळ्या कनेक्शनला एकच नाव दिलं तर बोळात आलं की फोन ह्या घरातून त्या घरात उडी मारणार, पत्ता बदलणार, अन् चालू व्हिडिओ कॉल तिथंच तुटणार.